हाकेवरची शाळा

“ह्यो तांबडा ठिपका पुसा,” ठकूताई मरगळे म्हणाल्या आणि त्यांनी बोट थेट माझ्या स्क्रीनवर टेकवलं.

स्क्रीन टचची होती. बोट टेकताच नकाशानं आपलं काम चोख केलं. चौकट उघडली : दुधाणमाळ, पट नऊ, जवळची दुसरी शाळा पानसई, अंतर सातशे चाळीस मीटर.

“पुसता येत नाही, ठकूताई. परवाही सांगितलं, कालही सांगितलं. हा फळा नाही.”

“मंग हिरवा करा. शेजारच्या वाडीचा हाय तसा.”

“रंग मी देत नाही. आत जी माहिती आहे तिच्यावरून तो आपोआप येतो.”

“माहिती कुणी भरली?”

“मी.”

“मंग?” असं म्हणून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी रंग बदलेपर्यंत बसणार, हे उघड होतं.

सात वर्षं झाली या गोष्टीला. भूगोलात एम.एस्सी. करून, संगणकावर नकाशे कसे तयार करायचे ते शिकून मी नुकतीच बाहेर पडले होते आणि अकरा महिन्यांच्या करारावर एका डोंगराळ तालुक्याच्या शिक्षण विभागात लागले होते. काम मला मनापासून आवडलेलं. तालुक्याचा असा नकाशा करायचा की कुठल्याही वाडीवर बोट ठेवलं की तिथली शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशनचं दुकान, पिण्याच्या पाण्याची जागा, सगळं अंतरासकट समोर यावं. नर्सबाईंना कळावं की लसीकरणाची कुठली वाडी राहिली. शिक्षकांनी तो वर्गात उघडावा आणि पोरांनी त्यात आपापलं घर शोधावं. चार शाळांमध्ये मी तो दाखवून आले होते. एका मुलीनं आपला गोठा वरून पाहिला आणि विचारलं, “छप्पर कुठं गळतं ते पण दिसतं का?” मी दोन रात्री त्या प्रश्नाचा विचार करत होते.

गटशिक्षणाधिकारी खैरमोडे साहेबांनी पहिल्या दिवशी त्या नकाशावर आपलं सांगलीचं घर शोधलं. नकाशा तालुक्याबाहेर जात नाही हे कळल्यावर ते नाराज झाले. मग त्यांना वर्तुळाचं बटण सापडलं.

शाळेवर बोट ठेवून ते बटण दाबलं की तिच्याभोवती एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ उमटायचं. साहेब दुपारचा चहा पिता पिता वर्तुळं काढायचे. आणि नेमका तेव्हाच वरून आदेश आला : जिथं पट वीसच्या आत आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा, तिथली लहान शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत ‘समायोजित’ करावीत. साहेबांचा चेहरा उजळला. “बघा, नकाशाचा उपयोग झाला की नाही!” तेरा शाळा लाल झाल्या. यादी शुक्रवारी जिल्ह्याला जायची होती. ठकूताई समोर बसल्या होत्या तो बुधवार होता.

मी नुसत्या वर्तुळावर विसंबले नव्हते, हे मला सांगायलाच हवं. त्या तालुक्यात पायवाटा नकाशावर नव्हत्याच. सरळ रेषेतल्या अंतरावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मी शिकले होते. म्हणून मी वाडीवाडीतून एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात प्रश्न होता, ‘दुसरी शाळा किती लांब आहे?’ लोकांना मीटर-किलोमीटर सांगता येत नाहीत, म्हणून उत्तराचे पर्याय लोकांच्या भाषेत दिले होते : हाकेच्या अंतरावर, पायी दहा मिनिटं, पायी अर्धा तास, त्याहून लांब. चारांपैकी एकावर खूण. त्या ‘हाकेच्या अंतरा’चा मला विशेष अभिमान वाटायचा. त्याची किंमत मी पाच-सातशे मीटर धरली होती. वर्तुळ म्हणतं जवळ आणि लोकही म्हणतात जवळ, तरच ठिपका लाल. दोन स्वतंत्र पुरावे. याहून काटेकोर काय करणार?

“तुमच्याच वाडीनं लिहून दिलंय,” मी गठ्ठ्यातून दुधाणमाळचा फॉर्म काढून ठकूताईंसमोर ठेवला. “ही बघा खूण. ‘हाकेच्या अंतरावर.’ कुणी केली?”

“पानसईच्या डांगे गुर्जींनी केली. मी सांगितली.”

“म्हणजे पानसईची शाळा हाकेच्या अंतरावर आहे.”

“हाय की.”

“मग बोलणंच मिटलं.”

“कसं मिटलं? पोरांनी जायाचं कसं?”

“चालत!”

“लई लांब पडतं, म्याडम.”

मी डोळे मिटले. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची सवय मला त्याच कचेरीत लागली. “ठकूताई, काहीतरी एक सांगा. शाळा हाकेवर आहे की लांब आहे?”

“दोनी.”

“दोन्ही कसं असेल?”

“हाय त्येला मी काय करू?” त्याही आता चिडल्या होत्या. “तुमी शिकलेली मानसं. येक गोष्ट तीनदा सांगायला लागती.”

आतून खैरमोडे साहेबांचा आवाज आला, “काय चाललंय तिकडं? बाजार भरलाय का?” आणि मागोमाग साहेबच चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. ठकूताई शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यामुळे त्यांना नुसतं हाकलून देता येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून अर्ज काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो वाचला, उसासा टाकला आणि माझ्याकडे वळले.

“उद्या जाऊन या. पानसईपासून दुधाणमाळपर्यंत चालत जा, मोजा, दोन फोटो काढा. सातशे चाळीस मीटर चालायला किती वेळ लागतो?”

“नऊ मिनिटं,” मी म्हणाले. “चढ असला तर बारा.”

“दुपारच्या चहाला परत या,” साहेब म्हणाले.

ठकूताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जेवायलाच या. भाकरी करती.” त्यांचा आवाज इतका समजुतीचा होता की मला जास्तच राग आला.

गुरुवारी सकाळी एस.टी.नं मी पानसईला उतरले. शाळा पठाराच्या अगदी कडेला होती. डांगे गुरुजी पन्नाशीचे, बारीक चणीचे, पण आवाज घंटेसारखा. मी फोनवर वाटेची नोंद घेणारं अ‍ॅप सुरू केलं आणि विचारलं, “दुधाणमाळ कुठं आहे?”

“ही काय.” त्यांनी हात केला.

समोर, दरीच्या पलीकडं, तितक्याच उंचीवर दहा-बारा घरं दिसत होती. वाळत घातलेलं हिरवं लुगडं दिसत होतं. शाळेची पांढरी भिंत दिसत होती. कुणीतरी कोंबडी हुसकली, तीही मला दिसली.

“किती जवळ आहे!” मी म्हणाले. बरं वाटलं मला. तीन दिवसांचा वैताग फुकट गेला नव्हता.

गुरुजींनी दोन्ही हात तोंडाशी धरले. “ओऽऽ ठकूतायऽऽ! कचेरीच्या म्याडम आल्यातऽऽ!”

मी फोनवरचं घड्याळ लावलं. साडेचार सेकंदांनी पलीकडून बारीक पण स्वच्छ आवाज आला, “येऊ द्याऽऽ! भाकरी दोन खातील का तीनऽऽ?”

“दोनऽऽ!” गुरुजींनी मला न विचारताच सांगून टाकलं.

आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. दोन सेकंद आणि थोडं जाताना, तेवढंच येताना. सातशे चाळीस मीटर बरोबर निघत होते. माझा नकाशा तसूभर चुकलेला नव्हता.

“वाडीचा फॉर्म तुम्ही भरलात ना, गुरुजी?”

“हो. त्यांचे गुरुजी तेव्हा प्रशिक्षणाला गेलेले. मला सांगितलं, तुम्हीच भरा.”

“मग तेव्हा तुम्ही तिकडं गेला होतात?”

“कशाला?” गुरुजींना प्रश्नच कळला नाही. “इथूनच विचारलं. एकेक प्रश्न ओरडून विचारला, त्यांनी उत्तर दिलं, मी खूण केली. दुसरी शाळा हाकेवर का, तर हाकेवर. दिसतंच होतं ते.”

माझा फॉर्म दरीवरून ओरडून भरला गेला होता. त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. काही बोलले असेन तर ते लिहिण्यासारखं नसेल. मी पाठीवरची पिशवी घट्ट केली आणि वाट विचारली.

“वाट एकच,” गुरुजी म्हणाले. “खाली उतरा, ओढा ओलांडा, वर चढा. चार विसावे लागतील. दोन उतरताना, दोन चढताना. पाणी ओढ्यावरच भरून घ्या, पुढं नाही.”

विसावा म्हणजे काय ते पहिल्या वळणापाशी कळलं. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईला कुणाच्या मदतीशिवाय ओझं टेकवता यावं, म्हणून छातीएवढ्या उंचीचा दगडांचा कट्टा रचलेला असतो. आमच्याकडं माणूस दमला की बसतो. इथं दमायची जागा ठरवून बांधली होती. मी तिथं थांबले नाही. नऊ मिनिटं झाली होती आणि दुधाणमाळ जिथल्या तिथं होतं. उलट आता ते डोक्यावर गेलं होतं.

वाट कड्याला बगल देऊन आधी उत्तरेला गेली, म्हणजे वाडीच्या बरोबर उलट्या दिशेला. मी फोन पाहिला. वाडीपासूनचं अंतर वाढत होतं. मग एक घसरडा उतार आला, तो मी बसून उतरले. मग करवंदीच्या जाळीनं ओढणी धरली, ती मी अर्धी तिथंच ठेवली. वरून डांगे गुरुजींच्या शाळेतले पाढे ऐकू येत होते. तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे सेहेचाळीस. मला वाटलं होतं, आवाज मागं राहील. तो काही केल्या मागं राहीना. तासाभरानं मी ओढ्याशी पोचले तेव्हा ते एकोणतिसावर होते आणि तितकेच स्पष्ट.

ओढ्याकाठी ठकूताई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

“आलात? म्हनलं, वाट चुकाल. दोन विसावं झालं. दोन ऱ्हायलं.”

मी तोंडावर पाणी मारलं आणि जे तीन दिवस घशाशी आलं होतं ते सगळं बाहेर काढलं. “ठकूताई, ही एवढी वाट आहे तर तुम्ही फॉर्मला हाकेवर का सांगितलंत? सरळ ‘लांब’ म्हणायचं होतं ना! चार पर्याय होते. खाली लिहिलं होतं, ‘त्याहून लांब’. मग कचेरीत हेलपाटे घालायची वेळच आली नसती. ना तुमच्यावर, ना माझ्यावर!”

“गुर्जींनी इचारलं, हाकेवर हाय का? हाये. मंग न्हाई म्हनू? खोटं सांगू?”

“अहो, पण हाकेवर म्हणजे जवळ!”

“जवळ म्हंजी जवळ,” ठकूताई म्हणाल्या. “हाकेवर म्हंजी हाकेवर.”

“एकच ते!”

“येकच कसं? हाक काय पायानं जाती?”

मी उभी होते ती दगडावर बसले.

त्या पुढं बोलतच होत्या. वाडीत जायचं अंतर विसाव्यांवर सांगतात : बाजार सहा विसावे, पानसई चार विसावे, देवीचं ठाणं एक. हाकेवर काय आहे ते निराळं सांगतात, कारण ते निराळ्या वेळी लागतं. साप चावला, बाळंतीण अडली, गुरं कड्यावरून गेली, तर हाकेवर कोण आहे हे माहीत असावं लागतं. “तुमी इसावं इचारलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, कचेरीला हाकच पायजेल.”

मला माझे दोन स्वतंत्र पुरावे आठवले. हाक सरळ रेषेत जाते. वर्तुळाची त्रिज्याही सरळ रेषेत जाते. मी एकच गोष्ट दोनदा मोजली होती आणि दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं म्हणून खूश झाले होते. तेराच्या तेरा लाल वाड्यांच्या फॉर्मवर तीच खूण होती. पर्याय मी दिला होता, तोही सगळ्यात वर.

“पावसाळ्यात हा ओढा?” मी विचारलं.

“चार म्हैने पानसईची मानसं आमाला फकस्त ऐकू येत्यात.”

चढताना त्यांनीच मला हात दिला. तिसऱ्या विसाव्यावर त्या पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि सांगितलं, की वाडीला शाळा आली ती बारा वर्षांमागं. त्याआधी त्यांच्या थोरल्या लेकीला पानसईच्या शाळेत घातलं होतं. “दोन म्हैने गेली. वढ्याला पानी आलं, ऱ्हायली. पानी गेलं, तर म्हनली, मला आता येत न्हाई, पोरं हसत्यात. ती आज पंचवीस वर्सांची हाय. रेशनला आंगठा लावती. धाकटी हितं शिकली, ती आता तालुक्याला नर्शीचं शिकती. येका पोटच्या दोगी.”

वर पोचले तेव्हा अ‍ॅपनं आकडा दिला : चार किलोमीटर तीनशे मीटर, एक तास छप्पन्न मिनिटं. शाळेच्या ओट्यावर नऊ मुलं ओळीनं बसवलेली होती. पाच मुली, चार मुलगे. त्यातला सगळ्यात लहान सहा वर्षांचा होता आणि माझ्या बुटांना किती चिखल लागलाय ते इतरांना मोठ्यानं सांगत होता. मी भाकऱ्या तीन खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी अकराला मी खैरमोडे साहेबांसमोर माझी वाट उघडून ठेवली. वर्तुळाच्या आत एक वाकडीतिकडी निळी रेघ गुंडाळून पडलेली दिसत होती.

“हे काय, शेवया सांडल्यात?”

“ही वाट आहे, सर. चार पूर्णांक तीन किलोमीटर. आणि पावसाळ्यात तीही नाही.”

“आदेशात ‘अंतर’ लिहिलंय. वाट नाही लिहिलेलं.”

“सर, मुलं वाटेनं जातात.”

साहेब खुर्चीत मागं रेलले. वाईट माणूस नव्हता तो. सकाळपासून जिल्ह्याचे चार फोन येऊन गेले होते आणि प्रत्येक फोनवर त्यांनी ‘यादी तयार आहे’ असं सांगितलं होतं. “बाई, पाच महिने तुम्हीच मला सांगत होतात ना, की दोन पुरावे आहेत, चूक होणारच नाही? माझ्या समोर फॉर्म आहे. लोकांनी स्वतः दिलेलं उत्तर आहे. ते रद्द करायचं तर उत्तर देणाऱ्याचं लेखी पाहिजे : ‘माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली.’ ती बाई लिहून देते का विचारा. एका वाडीपुरतं मी बघतो.”

ठकूताई बाहेर बाकावर होत्या. पहाटेच निघाल्या होत्या. मी त्यांना आत आणलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. एक ओळ लिहायची, सही करायची, शाळा वाचते.

“मी न्हाई द्यायची,” ठकूताई म्हणाल्या.

“का?”

“मी चुकीचं कुटं सांगितलं? हाकेवर इचारलं, हाकेवर सांगितलं.”

“ठकूताई, नुसतं कागदापुरतं...”

“आज कागदापुरतं. उद्या डागतर आला, रस्तेवाला आला, तर तुमीच ह्यो कागुद काडून दाखवाल, की ही बाई खोटं सांगती. मंग माझी हाक कोन ऐकंल?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे शाळा गेली तरी चालेल?”

“शाळा का जाईल?” त्या गोंधळून माझ्याकडं बघू लागल्या. “म्याडम काल चालून आल्या की.”

मी इतकी वैतागले होते की मला त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटत होतं. एक सही! आणि त्याच वैतागात मला हेही दिसत होतं की मी तिला माझी चूक तिच्या नावावर घ्यायला सांगते आहे.

“सर,” मी म्हणाले, “उत्तर बरोबर आहे. प्रश्न चुकला. मी लिहून देते.”

“नीट विचार करा,” खैरमोडे साहेब सावकाश म्हणाले. “उत्तर चुकलं तर एक वाडी सुटते. प्रश्न चुकला म्हणालात, तर एकशे बारा फॉर्म गेले. तेराच्या तेरा शाळा यादीतून काढाव्या लागतील. मी जिल्ह्याला काय सांगू? आणि तुमचा करार पुढच्या महिन्यात वाढवायचाय. त्या फायलीला मी काय जोडू, हा कागद?”

“हाच जोडा.”

पुढचं आत्ताच सांगून टाकते. करार वाढला नाही. उरलेल्या दिवसांत मी बाकीच्या बारा वाड्यांच्या वाटा चालून आले. त्यातल्या पाच खरोखरच जवळ होत्या, त्या लालच राहिल्या, सात सुटल्या. दुधाणमाळची शाळा राहिली. फॉर्मचा प्रश्नही मी बदलला : ‘चालत जाताना किती विसावे लागतात?’ साहेबांनी तो नमुना पाहून एवढंच म्हटलं, की असला शब्द जिल्ह्याच्या संगणकात बसायचा नाही.

पण त्या शुक्रवारी मी त्यांच्याच टेबलावर कोरा कागद ओढला आणि लिहिलं : ‘दुधाणमाळ व इतर वाड्यांतील अंतराची नोंद माझ्या चुकीमुळे अयोग्य झाली असून, ती यादीसाठी ग्राह्य धरू नये.’ खाली सही केली. साहेब म्हणाले, साक्षीदार लागेल. ठकूताई समोरच होत्या. मी त्यांच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड शोधू लागले.

“प्याड कशाला?” असं म्हणत त्यांनी कागद आपल्याकडं फिरवला आणि एकेका अक्षराखाली बोट नेत वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. अध्यक्ष झाल्यावर न वाचता सही करायची नाही म्हणून त्या तीन वर्षं वर्गात पोरांच्या मागं भिंतीला टेकून वाचायला शिकल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. दुधाणमाळचे गुरुजी पुढं भेटले तेव्हा. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की आमची यादी न्यायला आलेला शिपाई दारात खोळंबलाय आणि ठकूताई अजून पहिल्याच ओळीवर आहेत.

बोट थांबलं. “हितं ‘माझ्या’ लिवलंय. कुनाच्या?”

“माझ्या,” मी म्हणाले. “माझ्या चुकीमुळे. खाली माझी सही आहे ना.”

“खाली दोन सह्या व्हनार. तुमची आन माझी.”

खैरमोडे साहेबांनी चष्मा काढला. कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “बरोबर आहे ठकूताईंचं,” ते म्हणाले.

मी ‘माझ्या’ खोडलं. वर बारीक अक्षरात पूर्ण नाव लिहिलं आणि कागद परत त्यांच्यापुढं सरकवला. बोट पुन्हा चालू लागलं आणि पहिल्याच अक्षरावर अडलं.

“ह्ये काय?”

“ऋ. ऋजुता सुधाकर केळशीकर यांच्या.”

“रु, ऋषीचा,” ठकूताई म्हणाल्या. “आमच्या शाळंत तक्त्यावर हाय. आजवर कुटं कामी आलं न्हवतं.” मग त्यांनी सगळं नाव एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं वाचलं, पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीच्या शेजारी, ओळ न सोडता, आपली सही केली.